अकरा जोड चपला

चिंचवडच्या बालवीर फुटबॉल क्लबात बाल असा कुणीच नव्हता. गोलकीपरला दोन लेकरं होती आणि फुलबॅकच्या मिशीवर लिंबू ठेवलं असतं तर ते घरंगळलं नसतं. नाव ठेवणाऱ्यांनी ठेवलं, खेळणारे म्हातारे होत गेले, नाव तेच राहिलं. पहिला बॉल खडकीच्या छावणीतून कुणा हवालदारानं आणला होता. पहिली मॅच गोऱ्या सोल्जरांशी झाली आणि बालवीरवर नऊ गोल चढले. यशवंतरावाच्या हॉटेलात बसून हा इतिहास सांगताना दर दोन-तीन वर्षांनी एक गोल कमी व्हायचा. पंचावन्न सालापर्यंत आकडा चारावर आला होता. आणखी दहा वर्षं गप्पा चालल्या असत्या तर ती मॅच आपण बरोबरीत सोडवली असती.

या क्लबात कोंडाजीचं काम एकच. चपला राखायच्या.

हसू नका. ते काम साधं नव्हतं. क्लबाचे मॅनेजर म्हणजे तालमीचे वस्ताद मारुतराव. त्यांनी जन्मात बॉलला पाय लावला नव्हता, पण गावातली दांडगी पोरं ऐकायची ती त्यांचंच, म्हणून त्यांना मॅनेजर केलं. वस्तादांनी तालमीचा कायदा उचलून मैदानावर आणला. आखाड्याच्या मातीत पायताण चालत नाही, तर मैदानाच्या मातीत कसं चालेल? मॅचच्या आधी नारळ फुटायचा, माती कपाळाला लागायची आणि सगळे अनवाणी आत जायचे. अकराच्या अकरा जोड मैदानाबाहेर. एकदा खडकीला कॅप्टनचा डावा जोडा कुत्र्यानं पळवला आणि कॅप्टन एका पायात चप्पल घालून स्टेशनापर्यंत आला. तेव्हापासून राखणीला माणूस नेमायचं ठरलं.

नेमला तो कोंडाजी, कारण त्याचा दुसरा काही उपयोग नव्हता. तोही एकदा गोलकीपर म्हणून उभा राहिला होता. चार गोल खडकीवाल्यांनी केले. पाचवा बॉल कोंडाजीनं झकास अडवला, पोटाशी धरला आणि आनंदाच्या भरात दोन पावलं मागं सरकून स्वतःच आत नेला. पुन्हा त्याला कुणी आत बोलावलं नाही. पण क्लब सुटेना. तो गोलच्या मागे, जरा डावीकडे, अकरा जोड ओळीनं मांडून बसायचा आणि तिथून दहा वर्षं त्यानं एकही मॅच चुकवली नव्हती.

पोटासाठी कोंडाजी रेल्वेत चावीवाला होता. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या चाव्या असतात, गाड्यांच्या हादऱ्यानं त्या ढिल्या होतात. खांद्यावर हातोडा टाकून रोज चिंचवड ते आकुर्डी जायचं, यायचं आणि ढिली दिसेल ती चावी ठोकायची. सगळा जन्म खाली बघून चालण्यात गेला. रूळ कुठल्या अंगानं झिजलाय, हे तो लांबून सांगायचा. हीच नजर चपलांवरही पडायची, त्याला तो काय करणार? कोण टाच घासत चालतो, कोण सरावाला दांडी मारतो, कुणाचं लग्न ठरल्यापासून लक्ष उडालंय, हे कोंडाजीला तळव्यावरून कळायचं. हॉटेलात सांगायला गेला की टोळकं खो खो हसायचं.

"कोंडाजी, माझी चप्पल बघून सांग, माझी म्हैस कधी व्येणार?" दौलतराव म्हणायचा. दौलतराव गावचा जुना बागाईतदार. आवाज असा की शेजारच्या गावाला तार करायची गरज नाही. फुटबॉल त्याला बैलपोळ्यासारखा कळायचा, म्हणजे मानपानातून. सेंटरला उभा राहणारा तो मानाचा. त्याच्या शेजारचे दोन त्याच्या खालोखाल. कडेला, रेषेजवळ धावणारे ते आपले पंक्तीच्या शेवटी बसवलेले, वाढता वाढता भाजी संपली तर संपली.

त्या वर्षी मानाच्या जागेवर सयाजी होता. बीडकडचा गडी. पिंपरीला औषधांची नवीन कंपनी उभी राहत होती, तिथं तो बांधकामावर रोजंदारीनं घमेली वाहायचा. पहिल्यांदा त्याला सेंटरला घातला तेव्हा दौलतरावच तावातावानं उठला होता, "गावची पोरं मेली का सगळी?" सयाजीनं दोन महिन्यांत चौदा गोल मारले. मग तोच दौलतराव त्याच्या खांद्यावर हात टाकून गावातून फिरायला लागला, जसं काही पोरगं यानंच घडवलं.

आणि बालवीर कपाच्या फायनलला पोचली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. समोर खडकी, मैदान पिंपरीचं, अध्यक्ष कंपनीचे मोठे साहेब. साहेबांनी निरोप धाडला होता की कंपनीची टीम काढायचीय, फायनलमधले एक-दोन चांगले गडी कायम नोकरीला घेऊ. कायम! घमेल्याखालच्या माणसाला हा शब्द कसा ऐकू येतो, ते घमेलं वाहिलेल्यालाच ठाऊक.

फायनल रविवारी. त्याआधीच्या मंगळवारी नदीकाठी सराव होता. कोंडाजीनं सवयीनं चपला ओळीत मांडल्या. सयाजीचा जोड नवा होता, पंधरवड्यापूर्वी घेतलेला. का कुणास ठाऊक, कोंडाजीची नजर त्यावर अडखळली. उजवी चप्पल अंगठ्याखाली झिजून गुळगुळीत झाली होती, पळणाऱ्या माणसाची झिजावी तशीच. त्यानं डावी उचलून उलटी केली. अंगठ्याखालचं चामडं कोरं होतं. टाचेची बाहेरची कड मात्र खाल्ल्यासारखी गेलेली. हा गडी डाव्या पायावर भारच देत नव्हता.

कोंडाजीनं चप्पल पुन्हा ओळीत ठेवली. त्यानं मान वर करून मैदानावर बघितलं. सयाजी हसत होता, पळत होता. सरळ पळत होता. वळायची वेळ आली की मात्र बॉल दुसऱ्याला देऊन टाकत होता.

सराव संपल्यावर त्यानं सयाजीला नदीच्या वाटेवर गाठलं.

"डावा गुडघा कदी गेला?"

सयाजीचा चेहरा पांढरा पडला. "कोण म्हणलं, मामा?"

"तुजी चप्पल म्हनली."

मग सयाजी वाटेतच खाली बसला. बांधकामाच्या फळीवरून घसरून पडला होता, बारा दिवस झाले. हळदीचा लेप लावून पट्टी आवळायचा. पाय नुसता हवेत फिरवला तर काही नाही, सरळ पळालं तरी चालतं, पण त्या पायावर उभं राहून वळलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. "मामा, पाया पडतो. कुणाला बोलू नका. रविवारी साहेब बघणारेत. लंगडा म्हणून नाव झालं तर घमेलंबी जाईल हातातनं. गावाकडं आई एकटी हाय, आपलं पोरगं कंपनीत लागणार म्हणून तिनं अख्ख्या गावात सांगून ठेवलंय."

कोंडाजी काय बोलणार? "न्हाई बोलत," म्हणाला आणि घरी आला.

पण शब्द देणं सोपं असतं, तो पोटात घेऊन हिंडणं अवघड. त्या रात्री त्याला भाकरी गोड लागली नाही. बुधवारी लायनीवर एक चावी ठोकली की नाही हे आठवेना, म्हणून अर्धा मैल मागं गेला. चावी घट्टच होती. पुन्हा पुढं आला आणि तिथं दुसऱ्या चावीची शंका आली. मुकादम ओरडला, "कोंडाजी, आज सारखा मागं काय फिरतोस, काय सांडलं का?" सेंटरला उभा राहिला की सयाजीला घडीघडीला वळावं लागणार. उजव्यानं बॉल मारायचा म्हणजे सगळं वजन डाव्यावर. पहिल्या दहा मिनिटांत पोरगं आडवं होणार, साहेबांच्या डोळ्यांदेखत. नोकरी गेली, कप गेला, कदाचित पायही गेला. आणि सांगावं तर शब्द मोडतो. इकडं आड, तिकडं विहीर.

लायनीवरच त्याला सुचलं. चिंचवडच्या पुढं रूळ वळण घेतो, तिथं बाहेरची कड झिजते. सरळ मार्गावर वर्षानुवर्षं काही होत नाही. मग सयाजीला सरळ मार्गावर घातला तर? डावीकडं, रेषेला धरून? नुसतं सरळ पळायचं, उजव्यावर उभं राहून डाव्यानं बॉल मधे टाकायचा. वळायचं कामच नाही. कोंडाजीला इतका आनंद झाला की त्यानं एक घट्ट चावी विनाकारण तीनदा ठोकली.

आनंद हॉटेलाच्या पायरीपर्यंतच टिकला. कारण तिथं चढता चढता त्याला आठवलं, की डावीकडं आत्ता खेळतो तो भैरू. आणि सयाजी तिकडं गेला तर मधल्या जागेवर येणार तोही भैरूच. भैरू म्हणजे कोंडाजीचा सख्खा पुतण्या.

आत वाद रंगात आला होता. यशवंतराव गल्ल्यावरून सांगत होता की मुंबईचे मोठे क्लब आता बूट घालूनच खेळतात, आपणही घालावेत. दौलतराव म्हणत होता, आधी वस्तादांना बूट घालून दाखव, मग आपन बोलू. कोंडाजीनं चहा मागवला, बशीत ओतला, फुंकला आणि न पिताच म्हणाला,

"म्या काय म्हंतो, सयाजीला डावीकडं घालावा."

भजी तळणाऱ्याचा झारा कढईवर थांबला.

"आन मधी?" दौलतरावानं विचारलं.

"मधी... भैरू."

"आत्ता गं बया!" दौलतराव उठलाच. "ऐकलं का मंडळी? चौदा गोल मारनारा पंक्तीच्या शेवटाला, आन ह्याचा पुतन्या पाटावर! साहेब येनार म्हनून काय? नोकरी घरातच पायजे व्हय? सयाजी परगावचा, त्याला मागं बोलनारं कोन न्हाई, म्हनून त्याला कडेला सारतोस? लाज न्हाई वाटत?"

"तसं न्हाई, दौलतराव."

"मग कसं? कारन सांग की!"

कारण! कारण ओठांवर येऊन बसलं होतं. सयाजी स्वतः कोपऱ्यातल्या बाकावर होता. कोंडाजीनं त्याच्याकडं बघितलं. सयाजी बशीकडं बघत होता.

"मला तसं वाटतं," कोंडाजी म्हणाला.

"ज्यानं स्वतःचा बॉल स्वतःच्या गोलात नेला त्याला काय वाटतं, ते सांगू नगंस," यशवंतराव बोलला, आणि हॉटेल हसलं. पण त्या हसण्यात नेहमीची गंमत नव्हती. दहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या चहाच्या ग्लासाजवळ कुणी सरकून बसलं नाही.

घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बायको सोजराबाई दारातच उभी. "तुमी आपल्या भैरूसाठी भांडलात म्हनं? जाऊबाई लई खूश हायेत, गूळ पाठवलाय." कोंडाजीनं तो गूळ तसाच कोनाड्यात सारून ठेवला.

शुक्रवारी तो तालमीत गेला. वस्ताद मारुतराव एकटेच माती उकरत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि फावडं टेकून विचारलं, "कारण?"

"कारन इचारू नका, वस्ताद."

"मग मी कशाच्या जोरावर टीम फिरवू? गाव माझी साल काढील."

कोंडाजी मातीच्या कडेला उकिडवा बसला. "धा वर्सं तुमच्या टीमच्या चपला राखल्या. एक जोड कदी इकडचा तिकडं झाला?"

"नाही."

"मग तसंच समजा. कुनाचं तरी काय तरी राखायला माज्याकडं हाय. ह्याच्याबी पुढं इचारलंत तर मला तालमीची पायरी उतरून जावं लागंल."

वस्तादांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं. पहिलवान माणूस, जोडीदाराच्या डोळ्यांत बघून डाव ओळखणारा. "जा," म्हणाले. बस एवढंच.

रविवारी पिंपरीला माणूस मावेना. चिंचवड लोटलं होतं, निर्वासितांच्या कॅम्पातले लोक सहकुटुंब आले होते, खडकीवाले तर बँड घेऊन. नारळ फुटला. सयाजी डावीकडं आणि भैरू मधे उभा राहिलेला दिसला तसा चिंचवडकरांतून असा गलका उठला की साहेबांनी शेजारच्याला विचारलं, काय झालं. दौलतरावानं मागं वळून कोंडाजीच्या अंगावर तंबाखूची पिंक टाकायचीच बाकी ठेवली.

कोंडाजी चपलांमागं उकिडवा बसला होता. त्याला बसवत नव्हतं. तो उठे, परत बसे, सरळ असलेली चप्पल पुन्हा सरळ करी. सयाजीला बॉल मिळाला आणि तो रेषेलगत सुटला. सरळ. खडकीचा फुलबॅक मागं पडला. डाव्या पायानं बॉल उचलून त्यानं तो गोलपुढं असा घातला की आयता ताटात वाढलेला. भैरूनं नुसता पाय लावायचा होता. भैरूनं हवेत लाथ मारली.

तसं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी बॉल भैरूच्या नडगीला लागून गोलात गेला, एवढाच काय तो गोल. खडकीनं दोन मारले. शेवटच्या मिनिटाला सयाजी पुन्हा सुटला, पुन्हा बॉल आला, गोलकीपर जमिनीवर लोळत पडलेला, गोल सताड उघडा. भैरूनं तो आभाळात मारला. तो कोंडाजीच्या डोक्यावरून मागच्या हरभऱ्यात जाऊन पडला.

शिट्टी वाजली. साहेब उठून टाळ्या वाजवत होते आणि बोट दाखवत होते. सयाजीकडं.

खेळाडू चपला घ्यायला आले तेव्हा कुणी कोंडाजीकडं बघितलं नाही. भैरू शेवटी आला. डोळे लाल. "काका, मी मागितलं व्हतं का मधी? डावीकडं बरा व्हतो की मी. गाव जन्मभर नाव ठेवील मला." कोंडाजीनं हात पुढं केला, पण पोरगं चपला हातात घेऊन अनवाणीच निघून गेलं. ते शब्द कोंडाजीला सगळ्यात जास्त लागले. एकाचं राखताना त्यानं दुसऱ्याचं उघड्यावर टाकलं होतं, आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

सयाजी कंपनीत लागला. सहा महिने कच्चा, मग पक्का. हॉटेलात फायनलची मॅच रोज नव्यानं खेळली जायची आणि रोज कोंडाजी ती हरवायचा. "कोंडाजीनं कप घालवला," हे वाक्य गावात रुळलं. पोरं चिडवायची, दौलतराव नव्या पाहुण्यालाही सांगायचा. एकदा सयाजी तिथं असताना कुणीतरी विचारलं, "तूच सांग राव, तुला मधी ठेवलं असतं तर?" कोंडाजी दारापाशी उभा होता. सयाजी म्हणाला, "आता झालं ते झालं." कोंडाजी आत आलाच नाही. सहा महिने कच्चा गडी, गुडघ्याचं नाव काढू शकत नाही, हे त्याला कळत होतं. कळत होतं, पण राग यायचा राहत नव्हता. तो लायनीवर जाऊन हातोडा आपटायचा आणि पुन्हा मागं वळून चावी बघायचा. सोजराबाई म्हणायची, "झोपेत काय ठोकता?" जावेकडून पुन्हा गूळ आला नाही.

पुढच्या हंगामाची पहिली मॅच नदीकाठी होती. वस्तादांनी निरोप पाठवला म्हणून कोंडाजी गेला, नाहीतर जाणार नव्हता. चपला येत गेल्या, तो मांडत गेला. भैरूनं आपला जोड न बोलता ठेवला. ठेवला, हेही खूप होतं.

सयाजी कंपनीतून थेट आला. आदल्या दिवशी तो पक्का झाला होता, गावात पेढे वाटले होते. त्यानं फायनलनंतर घेतलेल्या दोन्ही चपला काढल्या, उजवी सरळ ठेवली आणि डावी उचलून कोंडाजीच्या पुढ्यात उलटी ठेवली. तळवा आभाळाकडं.

"आरं आरं आरं!" दौलतराव ओरडला. "चप्पल उलटी ठिवू नगं! भांडनं व्हत्यात! आदीच ह्या कोंडाजीच्या हातात चपला, त्यात उलटी!"

"राहू द्या घडीभर," सयाजी म्हणाला. आवाज कापत होता. "मामांना बघू द्या."

"बघायचं काय त्यात? श्यान का सोनं?"

कोंडाजी वाकला. अंगठ्याखालचं चामडं झिजून गुळगुळीत झालं होतं. मधोमध, एका आण्याएवढं, आरपार झिरझिरीत. टाचेची कड शाबूत होती. त्यानं त्या जागेवरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. डोळे भरून आले तेव्हा त्यानं मान आणखी खाली घातली. खाली बघायची सवय अशी कामाला येते.

मग त्यानं चप्पल सरळ करून ओळीत लावली आणि मोठ्यानं हाक मारली, "वस्ताद! सयाजीला मधी घाला. भैरू डावीकडं बरा."

दौलतरावानं मांडीवर थाप मारली. "आता कळलं व्हय? कप घालवल्यावर?"

सयाजी काही बोलायला तोंड उघडणार होता. कोंडाजीनं त्याच्याकडं नुसतं बघितलं, तसं ते मिटलं.

"व्हय," कोंडाजी दौलतरावाला म्हणाला. "त्या दिवशी माजं चुकलंच."

मैदानापलीकडं भैरू मान वळवून त्याच्याकडं बघत होता. कोंडाजीनं त्याला हातानं खूण केली, जा, तुझ्या जागेवर जा. भैरू रेषेकडं पळत गेला, आणि कोंडाजी चपलांमागं मांडी घालून बसला.